संगणकातली भिंत

पुणे, ठाणे किंवा नवी मुंबईत अलीकडे बांधलेल्या एखाद्या उंच इमारतीत राहायला गेलेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यातच कळतं, की इथे कॅलेंडर टांगायलाही ड्रिल मशीन लागतं. हातोडीने ठोकलेला खिळा वाकतो, भिंत मात्र ढिम्म राहते. पूर्वीच्या घरांत भिंत विटांची असायची. ही सळया घालून ओतलेल्या काँक्रीटची आहे. बांधकामाच्या धंद्यात ‘मायवन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या साच्यांत एका मजल्याच्या भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात. त्यामुळे दोन खोल्यांमधला आडोसा अख्ख्या इमारतीचा भार वाहणारा घटक होऊन बसतो.

ही भिंत किती भार घेईल, वाऱ्यात किती झुकेल आणि भूकंपात कुठे तडकेल, हे ठरवायला आता सगळीकडे संगणक वापरतात. ईटॅब्स, स्टॅड या सॉफ्टवेअरची नावं स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात रोजची आहेत. आणि कोडं इथेच सुरू होतं. एकाच इमारतीचा एकच नकाशा दोन जाणत्या इंजिनिअरांना दिला, दोघांनी एकच सॉफ्टवेअर वापरलं, तरी वाऱ्यात इमारतीचा माथा किती सरकतो याची त्यांची उत्तरं एकमेकांपासून तीस-चाळीस टक्के लांब जाऊ शकतात. दोन्हीकडे बेरजा-गुणाकार बिनचूक झालेले असतात. मग फरक येतो कुठून?

फरक येतो भिंतीच्या वर्णनातून. सॉफ्टवेअरला भिंत दिसत नाही. इंजिनिअरने तिच्याबद्दल जे सांगितलं तेवढंच त्याला ठाऊक असतं, आणि ते सांगणं म्हणजे एकामागोमाग एक घेतलेले निर्णय असतात. काँक्रीटच्या भिंतींच्या बाबतीत घडलेल्या मोठ्या दुर्घटना तपासल्या तर गणित चुकलेलं क्वचितच आढळतं. चुकलेलं असतं ते वर्णन. म्हणूनच संगणक कितीही वेगवान झाला तरी या चुका आपोआप कमी होणार नाहीत, असं माझं मत आहे. ते का, हे समजायला भिंत संगणकात कशी शिरते ते पायरीपायरीने पाहावं लागेल.

एका भिंतीचे दोन स्वभाव

माणसं, सामान, स्लॅबचं स्वतःचं वजन हा उभा भार पेलायला कॉलम पुरतात. अडचण असते आडव्या बळाची. वारा इमारतीला बाजूने ढकलतो. भूकंपात जमीन पायाखालून सरकते आणि वरचं वजन जागच्या जागी राहू पाहतं. तीस-चाळीस मजल्यांची नुसती कॉलम-बीमची चौकट अशा वेळी फार डोलते. तिला आवरायला लिफ्टभोवती, जिन्याभोवती आणि घराघरांच्या मध्ये काँक्रीटच्या लांब भिंती पायापासून माथ्यापर्यंत नेतात. त्यांना शिअर वॉल म्हणतात.

४ मीटर लांब आणि २०० मिलिमीटर जाड अशी एक भिंत घेऊ. लांबीच्या दिशेने ढकललं तर ती कमालीची ताठ असते, जाडीच्या दिशेने ढकललं तर तीच सहज वाकते. वाकायला होणारा विरोध ज्या दिशेने ढकलतो त्या दिशेच्या मापाच्या घनावर ठरतो, तर दुसऱ्या मापाच्या फक्त सरळ प्रमाणात वाढतो. हा हिशेब केला तर दोन दिशांच्या ताठपणात ४०० पटींचा फरक निघतो. भारतीय मानक आयएस १३९२० भिंतीची लांबी जाडीच्या किमान चौपट असावी असं म्हणतं, तेव्हा या दोन स्वभावांचाच विचार त्यामागे असतो.

याच्या जोडीला एक नियम लक्षात ठेवायचा : मजल्यावर आलेलं आडवं बळ ताठपणाच्या प्रमाणात वाटलं जातं. जो घटक ताठ, त्याच्या वाट्याला जास्त बळ. त्यामुळे एका भिंतीचा ताठपणा सांगताना चूक झाली, तर तिचे परिणाम तिच्यापुरते राहत नाहीत. शेजारच्या कॉलमचा आणि बीमचा हिस्साही बिघडतो.

रेघ, पडदा की पत्रा?

कॉलमचं वर्णन सोपं असतं. तो जाडीच्या मानाने लांब, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये त्याची एक रेघ काढतात. रेघेची दोन टोकं, तिचा छेद आणि काँक्रीटची प्रत सांगितली की काम झालं. भिंतही अशी रेघ म्हणून काढता येते. संगणकाची स्मृती तोकडी होती त्या काळात हाच मार्ग होता : भिंतीच्या मधोमध एक जाड रेघ आणि तिच्यापासून भिंतीच्या दोन्ही कडांपर्यंत जाणारे न वाकणारे आडवे हात, म्हणजे बाजूचे बीम भिंतीला खरोखर जिथे भेटतात तिथेच जोडले जातात. उंच, सरळ, दारं-खिडक्या नसलेल्या भिंतीसाठी ही पद्धत आजही चोख उत्तर देते. तिला जुनाट म्हणून बाजूला सारणं चूक आहे. पण लिफ्टभोवतीच्या तीन भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात, कुठे दार येतं, कुठे वरच्या मजल्यांवर भिंतीची लांबी बदलते. तिथे रेघ अपुरी पडते.

मग भिंत पृष्ठभाग म्हणून काढतात, आणि पुन्हा निवड करावी लागते. ‘मेम्ब्रेन’ निवडलं तर तो फक्त स्वतःच्या पातळीत ताणला-दाबला जाणारा पडदा. जाडीच्या दिशेने ढकललं तर त्याचा विरोध शून्य. ‘प्लेट’ याच्या उलट, फक्त जाडीच्या दिशेने वाकणारी. ‘शेल’ या पत्र्यात दोन्ही गुण येतात, म्हणून भिंतींसाठी बहुधा तोच वापरतात. ही निवड किरकोळ वाटते, पण तळघराची भिंत मेम्ब्रेन म्हणून काढली तर बाहेरच्या मातीच्या दाबाला विरोध करायला मॉडेलमध्ये काही उरतच नाही.

ठिपक्यांची जाळी

अख्ख्या पृष्ठभागाचं गणित संगणक एकदम करत नाही. तो भिंतीचे छोटे चौकोन पाडतो. या जाळीला मेश म्हणतात आणि पद्धतीला फायनाइट एलिमेंट मेथड. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांनी १९५६ मध्ये विमानांच्या रचनेसाठी ती मांडली, आणि बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले रे क्लफ यांनी १९६० मध्ये तिला हे नाव दिलं.

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्याला ही पद्धत चटकन उमगेल. आधी ठिपके मांडायचे आणि मग रेषा ठिपक्यांतूनच न्यायच्या. संगणकही आधी एवढंच काढतो, की कोणता ठिपका किती हलला. दोन ठिपक्यांच्या मधलं सगळं तो ठरलेल्या वळणाने भरून काढतो. ठिपके विरळ असले की रांगोळीतली पाकळी ओबडधोबड होते. तसाच विरळ मेशमध्ये भिंतीतल्या ताणाचा खरा चढउतार सपाट होऊन जातो. शिवाय शेजारी शेजारी काढलेल्या दोन रांगोळ्यांचे ठिपके एका ओळीत आले नाहीत तर त्यांच्या रेषा जवळून जातात, पण जुळत नाहीत. भिंतीचे आणि स्लॅबचे ठिपके जुळले नाहीत तर संगणकाच्या पडद्यावर दोघं चिकटलेले दिसतात, हिशेबात मात्र सुटे असतात. आजची सॉफ्टवेअर असे सांधे आपण होऊन जुळवू पाहतात. तरी ती सोय चालू आहे का, हे माणसालाच पाहावं लागतं.

असाच एक फसवा सांधा बीमचा. भिंतीच्याच रेषेत येऊन तिच्या कडेला मिळणारा बीम मॉडेलमध्ये एका ठिपक्यावर टेकतो. पत्र्यातल्या एकट्या ठिपक्याला त्याच पातळीत फिरवायला पत्रा फारसा विरोध करत नाही, त्यामुळे बीमच्या टोकाचं वाकवणारं बळ भिंतीत नीट उतरत नाही आणि बीम नुसता टेकवल्यासारखा वागतो. उपाय साधा आहे : बीमची रेघ भिंतीच्या आत आणखी एक-दोन चौकोन ओढून न्यायची. साइटवर बीमच्या सळया भिंतीत खोलवर नेऊन अडकवतात, तेच इथे हिशेबात करायचं.

गान्सफिओर्डमध्ये काय झालं

मेशची निवड किती महाग पडू शकते याचा सर्वांत स्पष्ट पुरावा नॉर्वेतला आहे. समुद्रातून गॅस काढण्यासाठी ‘स्लाइपनर ए’ या फलाटाचा काँक्रीटचा प्रचंड पाया तिथे बांधला होता. एकमेकांना चिकटून उभ्या केलेल्या २४ पोकळ कोठ्या, आणि त्यातल्या चार वर खांबांसारख्या वाढवलेल्या. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टावांगरजवळच्या गान्सफिओर्ड या खाडीत चाचणीसाठी हा पाया हळूहळू पाण्यात बुडवत होते. पाण्याचा दाब वाढत गेला आणि एका कोठीची भिंत फुटली. आत शिरणारं पाणी पंपांना आवरलं नाही. सुमारे १८ मिनिटांत सगळा पाया दिसेनासा झाला आणि तळाशी आपटून त्याचा चुराडा झाला. भूकंपमापकांवर ३ तीव्रतेची नोंद झाली. माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून जीवितहानी झाली नाही, पण नुकसान ७० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

चौकशीत बोट गेलं ते तीन कोठ्या एकमेकींना भेटतात तिथल्या त्रिकोणी पोकळीकडे. ही पोकळी वरून उघडी होती, तिच्यात समुद्राचं पाणी होतं आणि ते तिच्या भिंतींना आतून बाहेर ढकलत होतं. विश्लेषणासाठी वापरलेलं नास्ट्रान हे सॉफ्टवेअर नामांकित होतं, आणि त्याच्या गणितात दोष निघाला नाही. पण त्या कोपऱ्यांत जाळीचे चौकोन मोठे आणि वेडेवाकडे पाडले होते. नेमकं जिथे बळ झपाट्याने वाढत होतं तिथे ठिपके विरळ होते. परिणामी भिंतीला कातरू पाहणारं बळ ४७ टक्क्यांनी कमी धरलं गेलं, आणि त्या कमी आकड्याला पुरेल एवढंच पोलाद कोपऱ्यात पडलं. तिथल्या सळयाही आखूड होत्या. अपघातानंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणाने सांगितलं, की ही भिंत ६२ मीटर खोलीला फुटायला हवी. प्रत्यक्षात ती ६५ मीटरला फुटली. म्हणजे उत्तर काढता येत होतं. ते मागण्यासारखं वर्णन कोणी केलं नव्हतं.

तडा गेलेली भिंत ताठ किती?

आकार आणि जाळी बिनचूक साधली तरी काँक्रीटच्या स्वभावाचा प्रश्न राहतोच. काँक्रीट दाब उत्तम सोसतं आणि ताणात लवकर तडकतं. हे तडे दोष नव्हेत. भिंत वाकली की ताणल्या जाणाऱ्या कडेला केसाएवढे तडे जातात आणि तिथलं काम सळई उचलते, हे आरसीसीच्या, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, कल्पनेतच गृहीत आहे. मात्र तडे गेलेली भिंत अखंड भिंतीपेक्षा कमी ताठ असते. सॉफ्टवेअरला नुसती काँक्रीटची ‘एम ३०’ ही प्रत एवढंच सांगितलं तर ते भिंत कायम अखंड धरतं.

म्हणून मानकांनी ताठपणा कमी करून धरायला सांगितलं आहे. आयएस १८९३ या भूकंपासाठीच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने वाकण्यातला ताठपणा कॉलमसाठी ७० टक्के आणि बीमसाठी ३५ टक्के धरायचा नियम घातला. उंच इमारतींसाठी २०१७ मध्ये आलेल्या आयएस १६७०० ने भिंतींसाठीही आकडे दिले : रोजच्या वापरातल्या भारांखाली ९० टक्के, ताकदीच्या तपासणीत ७० टक्के. आडवं बळ मुख्यतः भिंतीच घेत असतील, तर १०० ऐवजी ७० टक्के धरल्याने माथ्याचं सरकणं सुमारे ४३ टक्क्यांनी वाढतं आणि एकदा डोलायला लागणारा वेळ सुमारे २० टक्क्यांनी. दोन इंजिनिअरांच्या उत्तरांतला फरक बहुतेक वेळा इथे सापडतो.

इथली एक बारीक जागा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तिथे चांगले इंजिनिअरही घसरतात. ईटॅब्समध्ये भिंतीचा ताठपणा कमी करायची एक खिडकी उघडते. तिच्यात काही रकान्यांची नावं ‘एफ’ने सुरू होतात, काहींची ‘एम’ने. एम म्हणजे मोमेंट, वाकवणारं बळ. आणि नियमात तर वाकण्यातला ताठपणा कमी करा असंच म्हटलं आहे. साहजिकच हात एमच्या रकान्यांकडे जातो, तिथे ०.७ भरलं जातं आणि काम झालं असं वाटतं. पण एमचे रकाने जाडीच्या दिशेने वाकण्याचे आहेत, म्हणजे भिंत ४०० पटींनी दुबळी असते त्या दिशेचे. भिंत लांबीच्या दिशेने वाकते तेव्हा तिच्या एका कडेचे चौकोन उभे ताणले जातात आणि दुसऱ्या कडेचे उभे दाबले जातात. शेलच्या हिशेबात हे वाकणं ठरत नाही. हे उभं ताणणं-दाबणं आहे आणि त्याचा रकाना ‘एफ २२’. तिथला १ तसाच राहिला तर मॉडेलमधली भिंत बिनतड्याचीच राहते, अहवालात मात्र ‘०.७ वापरले’ असं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नसतं.

‘भिंत जास्त ताठ धरली तर बिघडलं काय, तिच्यावर बळ जास्त येईल आणि तिच्यात लोखंड जास्त पडेल’, असं यावर म्हणता येईल. भिंतीपुरतं ते खरं आहे. पण बळ वाटून जातं. भिंतीने मॉडेलमध्ये स्वतःकडे ओढलेला जादा हिस्सा बीम आणि कॉलमच्या वाट्यातून वजा होतो. पहिल्या मोठ्या हादऱ्यात भिंतीला तडे गेले, की तोच हिस्सा त्यांच्याकडे परत येतो, आणि तेव्हा त्यांच्यात पुरेशा सळया नसतात.

चौकट : भिंतीबद्दल सॉफ्टवेअरला काय सांगावं लागतं?

ती रेघ आहे की पृष्ठभाग. पृष्ठभाग असेल तर मेम्ब्रेन, प्लेट की शेल. जाळी किती बारीक आणि कोपऱ्यांत ती कशी. स्लॅब व बीमशी सांधा कुठे आणि किती पक्का. तडे गेल्यावरचा ताठपणा किती, आणि तो कोणत्या दिशेचा. पायाशी भिंत जमिनीत घट्ट रुतलेली धरायची की जमीन थोडी दबते असं मानायचं. लिफ्टभोवतीच्या तीन भिंतींची बळं एकत्र मोजायची की वेगवेगळी. यातलं काहीही सांगायचं राहिलं तर सॉफ्टवेअर स्वतःचं ठरलेलं उत्तर वापरतं आणि पुढे जातं.

कोयनेचे तडे

काँक्रीटच्या तड्यांचं नवं गणित तपासायला जगभरचे संशोधक ज्या भिंतीचं मॉडेल काढतात ती सातारा जिल्ह्यात आहे. अबॅकस या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या उदाहरणसंग्रहातही कोयना धरण आहे. धरण म्हणजे इमारतीची शिअर वॉल नव्हे. पण वर्णनाचा प्रश्न तिथेही हाच होता.

१०३ मीटर उंचीचं हे धरण भूकंपासाठी तपासलं होतं, ते त्या काळच्या जगन्मान्य रीतीने : धरणाच्या वजनाच्या ५ टक्के एवढं आडवं बळ उंचीभर एकाच प्रमाणात लावायचं. या वर्णनात धरण हा जमिनीबरोबर जसाच्या तसा सरकणारा ठोकळा असतो, त्याला स्वतःचं डोलणं नसतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. धरणाच्या आतल्या यंत्राने नोंदवलेला आडवा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे निम्मा होता. धरण टिकलं, पण उंच भागांत दोन्ही तोंडांवर आडवे तडे गेले. ठोकळ्याच्या हिशेबाने धोका पायथ्याशी असायला हवा होता. तडे दिसले ते वर, पायापासून सुमारे ६६ मीटरांवर, जिथे खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो तिथे.

१९७३ मध्ये बर्कलीच्या अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी याच धरणाचं जाळी पाडून विश्लेषण केलं. यावेळी वर्णनात डोलणंही होतं. धरणाचा वरचा भाग पायापेक्षा कितीतरी जास्त हिसके खातो हे त्यात दिसलं, आणि सर्वाधिक ताण नेमका उतार बदलतो तिथे आला. तो काँक्रीटच्या अंदाजे ताणशक्तीच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त होता. उंच भागांना नंतर मागून काँक्रीटचे टेकू देऊन बळकटी आणली. धरण तेच, भूकंप तोच. वर्णन बदलल्याबरोबर तड्यांची जागा कागदावर उमटली. वर्णन सुधारलं तर मॉडेल किती खरं बोलू शकतं याचा हा पुरावा आहे, म्हणून संगणकाच्या विरोधात कोयनेचं नाव घेता येणार नाही.

मग सुरक्षेचा गुणांक कशाला ठेवला आहे?

सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे. भार दीडपट धरतात, काँक्रीटची ताकद कमी धरतात. एवढी राखीव ताकद असताना वर्णनातल्या चुकांची एवढी चिंता का करायची? उत्तर असं, की हा गुणांक काँक्रीट थोडं कमी प्रतीचं निघालं, भार थोडा जास्त आला, अशा फरकांसाठी आहे. तो मॉडेलने दिलेल्या आकड्याला गुणतो. तुटक्या सांध्यामुळे मॉडेलने एखाद्या बीममध्ये बळ शून्य दाखवलं, तर शून्याची दीडपट शून्यच.

‘जाळी अतिबारीक करा, आता संगणक स्वस्त आहेत’, हेही ऐकू येतं. बारीक जाळी बऱ्याच ठिकाणी मदत करते, पण दाराच्या आतल्या काटकोनी कोपऱ्यात ती फसवते. काँक्रीट कधीच तडकत नाही असं धरलेल्या मॉडेलमध्ये तिथला ताण जाळी बारीक करू तसा वाढतच राहतो, तो कुठल्याही आकड्यावर थांबत नाही. खरं काँक्रीट तिथे किंचित तडकतं आणि ताण पसरतो. तेव्हा त्या कोपऱ्यातला एकटा आकडा न वाचता छेदभर मिळून किती बळ येतं ते पाहायचं असतं, आणि हा विवेक जाळीत नसतो.

मानकांवर विसंबणाऱ्यांनी चिलीचा अनुभव पाहावा. १९८५ च्या भूकंपात तिथल्या भिंतींच्या इमारती छान टिकल्या. त्या विश्वासावर १९९६ च्या मानकाने भिंतींच्या कडांना जवळ जवळ रिंगा घालून काँक्रीट आवळून धरण्याची अमेरिकी अट वगळली. नंतरच्या इमारती मात्र उंच होत गेल्या, भिंती पातळ राहिल्या आणि त्यांच्यावरचा दाब वाढत गेला. २७ फेब्रुवारी २०१० रोजी ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा बहुतेक इमारती उभ्या राहिल्या, पण अनेक नव्या इमारतींत तळाच्या भिंतींच्या कडा चिरडल्या आणि उभ्या सळया बाहेर वाकल्या. काही ठिकाणी पार्किंगच्या सोयीसाठी तळाशी भिंत आखूड केली होती. कन्सेप्सियन शहरातली आल्तो रिओ ही १५ मजली इमारत आडवी झाली आणि ८ जण गेले. नेहमीचं मॉडेल कडेला दाब किती आहे ते सांगत होतं. आवळून न धरलेलं काँक्रीट त्या दाबाला चिरडल्यावर पुढे काय होईल, हे त्याच्या वर्णनातच नव्हतं. पुढच्याच वर्षी चिलीने भिंतींवरच्या दाबाला काँक्रीटच्या ताकदीच्या ३५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि कडांच्या रिंगांचे नियम कडक केले.

आपलं मानकही मॉडेलवर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. मॉडेलने काढलेलं भूकंपाचं एकूण बळ उंची आणि रुंदीच्या ठोकताळ्यावरून येणाऱ्या बळापेक्षा कमी भरलं, तर सगळी उत्तरं त्या प्रमाणात वाढवा, असं आयएस १८९३ सांगतं. ही अट नोकरशाही थाटाची आहे असं काही इंजिनिअरांना वाटतं. मला ती शहाणपणाची वाटते, कारण बिनतड्याचं मॉडेल जसं इमारत जास्त ताठ दाखवतं, तसं विटांच्या आडभिंती गाळलेलं मॉडेल ती फार लवचिक दाखवतं. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात, केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत अशा कितीतरी इमारती पडल्या. हिशेबात नसलेल्या वीटभिंतींनी वरचे मजले ताठ केले होते, आणि खाली पार्किंगसाठी मोकळ्या ठेवलेल्या मजल्यावर सगळी ओढाताण येऊन पडली होती.

उत्तर तपासायचं कसं

पहिली तपासणी कागद-पेन्सिलीची. इमारतीचं एकूण वजन हाताने काढायचं आणि मॉडेलच्या पायाशी उतरलेल्या सगळ्या भारांची बेरीज त्याच्याशी ताडून पाहायची. मुख्य भिंती पायात रुतलेले उभे दांडे मानून माथा किती सरकेल याचा अंदाज एका सूत्राने निघतो. मॉडेलचं उत्तर त्याच्या आसपास हवं. मग पडद्यावर डोलणारी इमारत सावकाश चालवून पाहायची. सुटलेला सांधा तिथे चटकन दिसतो, कारण स्लॅब एकीकडे जातो आणि भिंत दुसरीकडे.

जिथे खरं उत्तर एका आकड्यात मावत नाही तिथे दोन टोकांची मॉडेल करायची. मुंबईतल्या टॉवरांना खाली पार्किंगचे रुंद पोडियम असतात. टॉवरची भिंत पोडियममध्ये शिरते तिथे पोडियमचा स्लॅब तिला घट्ट धरतो आणि तिच्यातलं आडवं बळ एकदम बाहेरच्या भिंतींकडे वळवतो. स्लॅब अजिबात न लवणारा धरला तर हे वळणारं बळ अवास्तव मोठं येतं. फार तडकलेला धरला तर ते नाहीसं होतं आणि सगळं ओझं टॉवरच्या भिंतीच्या पायावर जातं. खरं उत्तर मधे कुठेतरी असतं. म्हणून स्लॅब एका मॉडेलच्या आकड्यांवर आणि पायथा दुसऱ्या मॉडेलच्या आकड्यांवर बेतायचा. काम दुप्पट होतं, फीचं दडपण असतं, मुदत जवळ आलेली असते, हे सगळं खरं आहे. तरी उंच इमारतीत ही काटकसर करू नये.

या सगळ्या निर्णयांची नोंद ‘डिझाइन बेसिस रिपोर्ट’ नावाच्या कागदपत्रात होते : ताठपणाचे आकडे, पायाची गृहीतं, कोणत्या भिंती मॉडेलमध्ये आहेत आणि कोणत्या नाहीत. रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे, आणि मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्या वेळी मूळ इंजिनिअर भेटेलच असं नाही. हा अहवाल हाताशी नसेल तर ऑडिट करणाऱ्याला भिंतींचं वर्णन नव्याने, अंदाजाने करावं लागेल. म्हणून सोसायटीने ताबा घेताना सॅंक्शन प्लॅन आणि लिफ्टच्या परवान्याबरोबर मंजूर स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणि हा अहवालही लेखी मागून घ्यावा, आणि दप्तरात जपून ठेवावा.